ऊब कोठे मोजावी?

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे मनुष्य विचारात पडतो, मुलीचे लग्न काढले म्हणजे पडतो, घर बांधायला घेतले म्हणजे तर पडतोच. हे सारे मी पाहिले आहे. परंतु तळहाताएवढ्या एका पांढऱ्या डबीसाठी तीन आठवडे विचारात पडलेला मनुष्य मी स्वतःखेरीज दुसरा पाहिलेला नाही. ती डबी आमच्या उत्तरेकडच्या खोलीत पलंगाशेजारच्या स्टुलावर आहे. सिमल्यात सध्या उन्हाळा असल्यामुळे तिला काही काम नाही. काचेवर अंशांचा आकडा दाखवीत ती स्वस्थ बसलेली असते. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. ‘उष्णतानियामक’ असा शब्द एखाद्या सरकारी टिपणीत शोभून दिसेल. पण घरात तो कोणी उच्चारील असे मला वाटत नाही. आमच्या घरात तिला ‘अण्णांची डबी’ म्हणतात.

माझी बदली सिमल्यास झाली ती 2023 च्या ऑक्टोबरात. मी मूळचा कोकणातला. आमच्या राजापूर तालुक्यात लोक पंखा बंद करू लागले की थंडी पडली असे समजावे. इथे जानेवारीत पहाटे पारा शून्यापाशी येऊन बसतो, आणि एखाद्या सकाळी नळ उघडावा तर पाणी नळीतच गोठलेले असते. इंग्रजांनी 1864 पासून सिमला ही आपली उन्हाळी राजधानी केली. पण ते शहाणे होते. हिवाळा लागला की दप्तरे बांधून ते खाली उतरत, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे कारकूनही उतरत. आता दप्तरे बारा महिने इथेच राहतात, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही.

आमचे सरकारी घर डोंगराच्या उतारावर आहे. दोन खोल्यांना दक्षिणेचे ऊन मिळते. तिसरी खोली उत्तरेची. तिच्या खिडकीतून देवदार फार सुंदर दिसतात, पण नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सूर्य काही दिसत नाही. पहाडी लोकांच्या गावाकडील घरांत लोखंडी तंदूर असतो. धूर नळीवाटे बाहेर जातो आणि सारे कुटुंब त्याच्याभोवती बसते. आमच्या घराला धुराडे नाही. म्हणून आमची सगळी भिस्त विजेच्या हीटरवर.

2024 च्या पावसाळ्यात आई गेली आणि गावच्या घरात अण्णा एकटे उरले. अण्णा गणिताचे शिक्षक. तालुक्याच्या शाळेत सारा जन्म काढून निवृत्त झालेले. दिवाळी झाल्यावर मी त्यांना इकडे घेऊन आलो. ‘मी इथं ठीक आहे,’ असे ते तीनदा म्हणाले. चौथ्यांदा काही बोलले नाहीत, तो मी होकार समजलो. त्यांना मी उत्तरेची खोली दिली. ती स्वतंत्र होती, तिला लागून न्हाणीघर होते, आणि दार लोटले की मुलांचा गलबला ऐकू येत नसे. देताना आपण फार चांगले करीत आहो असे मला वाटले होते.

ऊब राखण्याची व्यवस्था मी आपल्या समजुतीप्रमाणे चोख केली. तेलाचे दोन हीटर आणले. एक बैठकीच्या खोलीत, एक अण्णांकडे. हा हीटर म्हणजे चाकांवर उभा केलेला पत्र्याचा फासळ्यांचा सांगाडा. आत तेल भरलेले असते. ते जळत नाही, नुसते तापते आणि बराच वेळ ऊब धरून ठेवते. उघडी लाल तार कोठे नसल्याने म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत तो बरा. बैठकीच्या भिंतीवर मी एक तापमापक टांगला. कचेरीतून आलो की आधी त्याच्याकडे पाहावयाचे, एकोणीस-वीस असा आकडा दिसला की समाधानाने मान हलवावयाची, हा माझा परिपाठ झाला. गावी चुलतभावाला फोनवर मी सांगत असे, ‘घरात वीस अंश असतात. अण्णांना थंडीचा काही त्रास नाही.’

जानेवारीतल्या एका रात्री मला जाग आली, तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराखालून उजेड येत होता. चार वाजले होते. दार उघडून पाहतो तो गॅसच्या दोन्ही शेगड्या पेटलेल्या, आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून अण्णा बसलेले. डोक्याला कानटोपी, अंगाभोवती आईची गोधडी. शेगडीवर भांडे नव्हते. निळ्या ज्योती नुसत्याच जळत होत्या आणि अण्णा दोन्ही तळहात त्यांच्याकडे धरून बसले होते. खिडकी घट्ट लावलेली होती.

बंद खोलीत अशी आच जळत राहिली तर हवेतला प्राणवायू कमी होत जातो, ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप आल्यासारखे वाटते, आणि त्या झोपेतून तो उठत नाही. कोळशाची शेगडी खोलीत ठेवून निजलेल्या कुटुंबांच्या बातम्या उत्तरेत हिवाळ्यामागून हिवाळे छापून येतात. मी त्या वाचून सोडून दिल्या होत्या. त्या रात्री मी खिडकी उघडली, शेगड्या बंद केल्या, आणि नंतर जे बोलू नये ते बोललो.

“अण्णा, हीटर कशाला दिलाय तुम्हाला? उद्या सकाळी आम्हाला काय दिसलं असतं, ह्याचा विचार केलात?”

ते शांतपणे म्हणाले, “हीटर मी दहाला बंद करतो. दोन हजार वॉट रात्रभर म्हणजे किती युनिटं होतात, ठाऊक आहे का तुला?”

“ती मी पाहीन. आणि घरात वीस अंश असतात—”

“कुणाच्या घरात?” त्यांनी विचारले.

मला उत्तर सुचले नाही. ते उठले, गोधडी सावरली, आणि जाताना म्हणाले, “तुझा काटा तुझ्या खोलीत आहे, बाबा.”

दुसऱ्या दिवशी येताना मी आणखी एक तापमापक विकत आणला आणि तो अण्णांच्या उशाशी ठेवला. हीटर दोन तास चालू होता, तरी तिथे तेरा अंश होते. पहाटे पाहिले तेव्हा नऊ. माझ्या भिंतीवरचा तापमापक खोटे बोलत नव्हता. मी त्याला चुकीच्या जागी उभा करून साक्ष घेत होतो. दोन महिने मी गावी जे सांगत आलो, ते बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यासंबंधी खरे होते, अण्णांसंबंधी नव्हे.

मग मी हीटरकडे नीट पाहिले. मोठ्या पिनेचे सॉकेट दाराजवळ, म्हणून हीटरही दार आणि कपाट यांच्यामधल्या कोपऱ्यात उभा होता. त्याच्या अंगावर थर्मोस्टॅटची फिरकी होती. परंतु ही फिरकी हीटरच्या अंगातच बसविलेली. तिला कळते ते स्वतःभोवतालच्या हवेचे. तो अरुंद कोपरा पाच-दहा मिनिटांत तापे, फिरकीला वाटे की खोली उबदार झाली, आणि टक् असा आवाज होऊन हीटर बंद पडे. दहा फुटांवर, उत्तरेच्या भिंतीला लागून निजलेल्या माणसाची वार्ताही तिच्यापर्यंत पोचत नसे. त्या फिरकीला नावे ठेवण्याचा मला अधिकार नव्हता. मीही तेच करीत आलो होतो.

ह्या यंत्राचा पूर्वेतिहास मी वाचू लागलो तो उपाय शोधण्याकरिता. पितळेची आणि लोखंडाची अशा दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून जोडतात. तापल्यावर पितळ लोखंडाच्या सुमारे दीडपट वाढते. एकटे वाढता येत नाही म्हणून जोडपट्टी वाकते, आणि वाकली की विजेचा मार्ग तुटतो. निवली की सरळ होते आणि मार्ग पुन्हा जुळतो. अँड्र्यू यूर नावाच्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने 1830 मध्ये अशा पट्टीच्या उपकरणाचे पेटंट घेतले, आणि थर्मोस्टॅट हे नावही त्यानेच दिले. परंतु खोलीची ऊब राखण्याकरिता विजेचा उपयोग करण्याची कल्पना पुढे नेली ती एका शिक्षकाने. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन हे अध्यापक विद्यालयात शिकवीत असत. शिपाई वर्गावर्गात येऊन तापमापक पाही आणि मग तळघरात जाऊन भट्टीची झडप कमीजास्त करी. शिकवण्यात व्यत्यय येई तो वेगळाच. जॉन्सन यांनी वर्गातच असे साधन बसविले की वर्ग गारठला म्हणजे तळघरात शिपायाजवळ घंटा वाजावी. 1883 साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले.

हे मी अण्णांना वाचून दाखविले. त्या रात्रीनंतर आम्ही प्रथमच धड बोलत होतो. ते म्हणाले, “मास्तरच तो. मुलं कुडकुडतात ती वर्गात. तळघरात उभं राहून ते कसं कळणार?”

मला हवे होते ते एवढेच. आच एका जागी असावी आणि तिला हुकूम देणारा डोळा दुसऱ्या जागी, माणसाजवळ, असावा. ज्या देशांत एका बॉयलरचे गरम पाणी नळ्यांतून घरभर फिरवितात, तिथे भिंतीवरची एक तबकडी सगळ्या घरावर राज्य करते. तिच्याकरिता भिंत फोडून तारा ओढाव्या लागू नयेत म्हणून बिनतारी जोड्या निघाल्या: एक डबी माणसाजवळ, दुसरी बॉयलरजवळ, आणि दोहोंमध्ये रेडिओच्या लहरींचे बोलणे. आमच्यासारख्या एकट्या हीटरवाल्यांसाठी त्यातलीच धाकटी जोडी मिळते. तिचा एक भाग सॉकेटात खोचावयाचा आणि हीटरची पिन त्यात. दुसरा भाग हाती घेऊन वाटेल तिथे ठेवावयाचा.

परंतु जोड्या पुष्कळ, आणि प्रत्येकीची तऱ्हा निराळी. कचेरीतल्या एका तरुण सहकाऱ्याने मला मोबाइलवर चालणारे सॉकेट दाखविले. तो आपल्या मेजाशी बसून घरचा हीटर चालू-बंद करीत असे. क्षणभर मला मोह पडला. अण्णांनी दहाला हीटर बंद केला की मी माझ्या अंथरुणातून तो पुन्हा चालू करावा, त्यांना पत्ताही लागू नये! घरी येताना चढणीवर मात्र मला स्वतःचीच लाज वाटली. ज्या माणसाने सारा जन्म स्वतःच्या हिशेबाने काढला, त्याच्या खोलीची किल्ली मी माझ्या खिशात घालून हिंडणार होतो. शिवाय एक व्यावहारिक अडचण होती. बर्फ पडले की इथे वीज जाते आणि इंटरनेटही जाते. म्हणजे ज्या रात्री ऊब सर्वांत अधिक हवी, त्याच रात्री त्या सॉकेटास आमची भाषा कळेनाशी व्हावी.

तेव्हा साधी रेडिओची जोडी घ्यावयाचे ठरविले आणि परीक्षेचे प्रश्न काढले. पहिला प्रश्न, भार पेलेल काय? 2000 वॉटचा हीटर 230 व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो, तोही तासन्‌तास. म्हणून 10 अँपिअरची जोडी मी बाजूला सारली आणि 16 ची पाहू लागलो. दुसरा प्रश्न, वीज जाऊन आल्यावर काय होईल? इथे मला हीटरविषयीही एक गोष्ट कळली. ज्या हीटरला बोटाने दाबावयाची इलेक्ट्रॉनिक बटणे असतात, तो वीज परत आली तरी बहुधा आपण होऊन सुरू होत नाही; फिरकीचा हीटर होतो. आमचा फिरकीचा होता, हे नशीब. तिसरा प्रश्न, डबीतले सेल संपले तर? चौथा, सत्तरी गाठलेल्या माणसाला चष्म्याशिवाय आकडे दिसतील काय? आणि पाचवा, ज्याच्यासाठी घ्यावयाची त्याला ती स्वतः फिरविता येईल काय?

लोअर बाजारातल्या दुकानदाराला मी तिसरा प्रश्न विचारला, तेव्हा तो गोंधळला. इतक्या वर्षांत हे कोणी विचारले नव्हते म्हणाला. मी म्हटले, आपण पाहू. जोडी लावली, दिवा पेटला, आणि मी डबीतले दोन्ही सेल काढून घेतले. आम्ही दोघे दिव्याकडे पाहत उभे राहिलो. त्याने चहा मागविला. चहा संपत आला तेव्हा टक् असा आवाज झाला आणि दिवा विझला. हुकूम येईनासा झाला की आच बंद व्हावी, ह्यातच सुरक्षितपणा. उलट झाले असते, तर ती जोडी मी फुकटही घेतली नसती. हीटरबरोबर येणाऱ्या कागदांत पुष्कळदा अशी ताकीद असते की आपोआप चालू-बंद करणाऱ्या साधनास हा जोडू नये. कारण एखादे वेळी त्याच्यावर कपडा वाळत असेल आणि तो सुरू होईल. उघड्या तारेच्या हीटरला मी ही जोडी कधीच लावणार नाही. आमच्या तेलाच्या हीटरच्या कागदात तशी मनाई नाही, तो कलंडला तर आपोआप बंद होतो, एवढे पाहून घेतले. आणि त्याच्यावर काहीही वाळत घालावयाचे नाही, असा घरात नियम केला.

वायरमनला बोलावून खिडकीखाली नवे 16 अँपिअरचे सॉकेट बसवून घेतले. जोडवायर वापरली नाही. काचेवरून उतरणारा गारठा तिथल्या तिथे अडावा म्हणून हीटर खिडकीखाली ठेवला, पडदा आखूड केला. डबी कोठे ठेवावी ह्याचाही विचार झाला. हीटरजवळ नको, बाहेरच्या भिंतीवर नको, पडद्याआड नको. पुस्तकात भिंतीवर दीड मीटर उंची सांगितलेली असते. पण निजलेला मनुष्य दीड मीटरवर नसतो. ती पलंगाशेजारच्या स्टुलावर, अण्णांच्या चष्म्याच्या घराजवळ बसली.

आता उरला प्रश्न अंशांचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली घरांविषयी जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांत थंड ऋतूत घरातले तापमान निदान 18 अंश असावे असे म्हटले आहे, आणि वृद्धांना त्याहून अधिक लागू शकते. अण्णांनी सोळा धरले होते. “गोधडी आहे ना,” ते म्हणाले. मी आरोग्याचे सांगितले. त्यांना ते पटले नाही. मग मी त्यांच्या भाषेत बोललो. दोन हजार वॉट आठ तास म्हणजे सोळा युनिटे, हे खरे. पण हीटर सलग जळला तर. डबी आपल्या आकड्यापासून अर्धा अंश खाली गेले की आच लावते आणि अर्धा अंश वर गेले की तोडते. मधला वेळ फुकटचा. “मग किती होतात ते मोजू या,” ते म्हणाले. रात्री त्यांनी मीटरचा आकडा वहीत उतरविला, सकाळी पुन्हा उतरविला, घरातल्या इतर दिव्यांची वजाबाकी केली, आणि म्हणाले, “नऊ. परवडेल.” अठरावर तडजोड झाली.

डबीत वारवार वेगवेगळ्या वेळा लावता येतात. सूचनापत्र इंग्रजीत, बारीक टाइपात. अण्णांनी भिंग घेऊन ते दोन दिवस वाचले आणि एका कोऱ्या कागदावर पट्टीने रेघा मारून वेळापत्रक आखले: आडवे वार, उभ्या वेळा, चौकटीत अंश. शाळेच्या सूचनाफलकावर वर्षानुवर्षे लागत असे, अगदी तसेच. “शनिवार वेगळा लागतो का ह्याच्यात?” त्यांनी विचारले. लागतो, म्हणालो. निवृत्तीनंतर इतकी वर्षे लोटली, तरी त्यांचा शनिवार सकाळच्या शाळेचाच होता.

कागद वाचताना एक चौकट मला समजली नाही. रात्रभर अठरा, पण पहाटे चार ते सहा, वीस.

“चारला कशाला, अण्णा? त्या वेळी तुम्ही निजलेले असता.”

“नसतो,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “बंबाची वेळ.”

गावी आई चार वाजता उठून बंब पेटवीत असे. करवंट्या, वाळलेली सोडणे, लाकडाच्या ढलप्या असे जळण रात्रीच रचून ठेवलेले असे. बंबाच्या पोटाला पालथा हात लावून ती पाहावयाची. कमी वाटले तर एक करवंटी आत, जास्त वाटले तर एक लाकूड बाहेर. अण्णा जवळच पाटावर बसून शेकत असत, आणि त्या दोन तासांत त्यांचे जे काही बोलणे व्हायचे ते होत असे. हे मी लहानपणी अंथरुणातून ऐकलेले आहे. त्या रात्री स्वयंपाकघरात अण्णा नुसत्या थंडीने आले नव्हते, हे माझ्या ध्यानात तेव्हा आले. मी काही बोललो नाही. चाराच्या चौकटीत वीस लावून दिले.

उरलेला हिवाळा बरा गेला. पहाटे चारला सॉकेटात टक् असा आवाज होई, आणि अण्णांच्या खोलीत दिवा लागे. कधीकधी मीही उठून जाऊन बसे. फारसे बोलणे होत नसे. 2025 च्या शिमग्याला अण्णा गावी परतले. पालखी घरी यायची तेव्हा दारात कोणी नको काय, असे त्यांचे म्हणणे. मी अडविले नाही. हीटर उचलून माळ्यावर ठेवला. डबी आणि तिचा सॉकेटातला जोडीदार मात्र जागच्या जागी राहिले. एप्रिलात एकदा मी त्या खोलीत निजलो होतो, तेव्हा पहाटे चारला तो टक् आवाज झाला. आच लावावयाला हीटर नव्हता. पण वेळापत्रकात चौकट होती.

परमुलखात नोकरी करणाऱ्या आपणा सर्वांच्या घरी आठवड्यातून एकदोनदा फोन होतो. ‘बरे आहे ना?’ असे आपण विचारतो, ‘ठीक आहे,’ असे तिकडून उत्तर येते, आणि आपण समाधानाने मान हलवितो. मी अलीकडे तो प्रश्न सोडून दिला आहे. मी विचारतो, “अण्णा, आता कुठं बसला आहात?” पहिल्यांदा त्यांना ह्या प्रश्नाचे नवल वाटले. आता ते नीट सांगतात: पडवीत आहे, ओट्यावर आहे, ऊन इथवर आले आहे. परवा म्हणाले, “न्हाणीपाशी. बंब पेटवलाय.”

घड्याळात सव्वाचार झाले होते.